टेप काय, कोणीही धरतो!

मित्रांनो, जुना म्हणा, गंजका म्हणा, माझी काही हरकत नाही. मी मोजमापाचा टेप आहे, पोलादी पट्टीचा, आणि कित्येक वर्षं एका घरदलालाच्या खिशात राहतो आहे. गाणी वाजवणारा टेप वेगळा. तो बिचारा केव्हाच गेला, मी अजून आहे. माझ्या पिवळ्या रंगाचे पोपडे निघाले आहेत, पहिल्या फुटातले आकडे अंगठ्याने घासून पुसट झाले आहेत आणि टोकाचा हूक जरा सैल आहे. पण हे ऐकून कुणी हळहळायला लागलं की मला राग येतो. आत्मवृत्त म्हटलं की शेवटी रडायचं असतं, असं तुम्हाला शाळेत सांगितलं असेल. मी रडणार नाही. मी भांडायला आलो आहे.

माझा जन्म एका लांबलचक शेडमधला. पोलादाची पट्टी यंत्रातून सरसर धावत यायची, तिच्यावर पिवळा रंग चढायचा, त्यावर काळे आकडे उमटायचे. मग एक बाई आत स्प्रिंग बसवायच्या. त्या कामावर सारख्या पुटपुटत असत, "ढिला राहिलास तर जन्मभर लोंबत राहशील." त्यांनी मला असा काही पिळला की तो ताठा आजवर गेलेला नाही. शेवटच्या टेबलावर एका चष्मेवाल्या माणसाने मला पितळी पट्टीशेजारी ताणून पाहिलं आणि "बरोबर" एवढंच म्हणून बाजूला ठेवलं. मला मिळालेली पहिली शाबासकी ती. पुढे लोकांनी बरंच कौतुक केलं, पण त्या एका शब्दाची सर कशालाच आली नाही.

तिथून मी हार्डवेअरच्या दुकानात आलो आणि कुलपं नि बिजागऱ्यांच्या मधे खिळ्याला लटकत राहिलो. एक दिवस एक घामाघूम तरुण आत शिरला. तो फर्निचरच्या दुकानात नोकरीला होता. त्याने एक भलंमोठं कपाट विकलं होतं. हमालांनी ते जिन्याने वर नेलं, आणि ते गिऱ्हाइकाच्या दारातून आत जाईना. उभं करून पाहिलं, आडवं करून पाहिलं, दाराची चौकट खरवडली, शेवटी तेच कपाट तसंच खाली आणावं लागलं. मालकाने भर दुकानात त्याचे वाभाडे काढले आणि हमालांचे पैसे त्याच्या पगारातून कापले. तो तडक हार्डवेअरच्या दुकानात आला नि म्हणाला, "एक टेप द्या. चांगला. हसं झालं तेवढं पुरे." दुकानदाराने मला खाली काढलं, आणि मी त्या तरुणाच्या खिशात गेलो तो तिथलाच झालो.

थोड्याच दिवसांत त्याने ती नोकरी सोडली आणि घरांची दलाली सुरू केली. कुणाला घर विकायचं असेल, कुणाला घ्यायचं असेल, त्या दोघांची त्याने गाठ घालून द्यायची आणि व्यवहार झाला की दोन्हीकडून ठरलेला वाटा घ्यायचा. केस पिकले तसे लोक त्यांना टेपवाले काका म्हणू लागले, म्हणून मीही काकाच म्हणतो.

काका साधेभोळे होते असं मी मुळीच सांगणार नाही. बोलायला लागले की त्यांना आवरणं कठीण. अंधाऱ्या खोलीला ते "उन्हाळ्यात थंडगार" म्हणायचे. खिडकीसमोर भिंत आली की "कुणाची नजर नाही हो, किती बरं!" एकुलतं एक दार असलं की "चोराला दुसरी वाटच नाही!" मी खिशात बसून कपाळाला हात लावायचो, म्हणजे कपाळ नि हात असते तर लावला असता. पण लांबी-रुंदीच्या बाबतीत काकांनी कधी अर्धा इंचसुद्धा इकडचा तिकडे केला नाही. खोली नऊ फुटांची असली तर नऊच. "जवळजवळ दहा" हे शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकले नाहीत.

त्यांची मोजायची एक रीत होती. घर दाखवताना ते मला स्वतः धरायचे नाहीत. एक टोक विकणाऱ्याच्या हातात द्यायचे, दुसरं घेणाऱ्याच्या, आणि स्वतः मधे उभे राहून आकडा मोठ्याने वाचायचे. "दोघांनी धरलेलं माप, नंतर कुणी नाही म्हणायचं नाही," असं ते बजावायचे. किती अनोळखी माणसांची पहिली ओळख माझ्या दोन टोकांना झाली, याची गणती नाही. काकांकडे सहीचा कागद नसे. हीच त्यांची सही.

आणखी एक खोड होती, तिनेच पुढे घात केला. छाती काढून ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे, "घर नात्यात गेलं तर मी एक पैसा घेत नाही. नात्यातल्यांची गाठ देवाने घातलेली असते, मी कोण?" ही बढाई मला कधीच पटली नव्हती. पण माझं कोण ऐकतो?

एक दिवस औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करणारा एक तरुण काकांकडे आला. त्याला आईसाठी घर हवं होतं. आई चाकाच्या खुर्चीत, घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. काका मला घेऊन त्या घरी गेले. आजी खिडकीशी बसून हाताने फिरवायच्या मशीनवर शिवत होत्या. सगळी हयात त्यांनी लोकांचे कपडे शिवले होते आणि पाय गेले तरी काम सुटलं नव्हतं. त्यांच्या गळ्यात कापडी टेप लोंबत होता. आम्ही दोघांनी एकमेकांकडे जरा तुसडेपणानेच पाहिलं.

मुलाने अडचण सांगितली. खुर्ची न्हाणीघराच्या दाराशी अडायची. तिथून पुढे तो आईला उचलून आत ठेवायचा. आजी याबद्दल चकार शब्द काढत नव्हत्या, पण मुलगा सांगत होता तेव्हा त्यांनी मशीन जोरजोरात फिरवायला सुरुवात केली. मला सगळं समजलं. काकांनाही समजलं असावं, कारण त्यांनी पुढे काही न विचारता मला खिशातून बाहेर काढलं.

मग त्यांनी मला खुर्चीवर आडवा धरला, या चाकापासून त्या चाकापर्यंत. "झालं," म्हणाले.

"नाही झालं," आजी म्हणाल्या. "चाकं काय वाऱ्याने फिरतात? माझी बोटं मोजा." त्यांनी दोन्ही हात चाकांवर ठेवले. बोटांची पेरं दोन्हीकडून बाहेर आली होती आणि सोललेली होती. "अंगाचं माप माणूस श्वास घेतो तेव्हा घ्यायचं. सोडलेल्या श्वासाचं घेतलं की बटणं तुटतात."

काकांनी बोटांसकट माप घेतलं. त्या दिवसापासून आमची वणवण सुरू झाली. रोज नवं घर, नवा जिना, नवा मालक, आणि काका दिवाणखान्यात न थांबता थेट न्हाणीघराकडे. मालक चिडायचे. "घर बघायला आलात की मोरी?" एकाने तर हाकललंच. कुठे दार अरुंद, कुठे दार पुरेसं पण समोर भिंत इतकी जवळ की खुर्ची वळायची नाही. काकांच्या स्कूटरचं चाक दोनदा पंक्चर झालं आणि माझा हूक तेव्हाच सैल झाला.

शेवटी तळमजल्यावरचं एक घर सापडलं. मालक बँकेतून निवृत्त झालेले साहेब होते, फार टापटिपीचे. पेन्सिलीला टोक काढलं की ते फुंकर मारून बघायचे. त्यांच्या न्हाणीघराच्या जागी पूर्वी सामानाची कोठी होती, म्हणून दार चांगलं ऐसपैस होतं. उंबरा तेवढा बोटभर उंच होता. "त्यावर मी उताराची फळी बसवून देईन," काका म्हणाले. साहेबांनी काकांच्या पाठीवर थाप मारली. "गिऱ्हाईक आणा फक्त. तुमचं तुम्हाला मिळेल, काळजी नको."

काकांनी त्या मुलाला नेलं. एक टोक साहेबांच्या हातात, दुसरं मुलाच्या हातात. मी न्हाणीघराच्या दारापासून बोळातून स्वयंपाकघरापर्यंत ताणलेला होतो. तेवढ्यात काकांचा फोन वाजला आणि ते अंगणात गेले. ते दोघे माझ्या दोन टोकांना उकिडवे बसून राहिले.

साहेबांनी आवाज खाली आणला. "हा तुमच्याकडून किती घेणार आहे?"

मुलाने सांगितलं.

"माझ्याकडून त्याच्या दुप्पट. कशाबद्दल हो? दार उघडलं म्हणून? तो काय म्हणतो ऐकलंत ना? नात्यात दलाली नाही. मग आपण नात्यातले."

"म्हणजे?"

"मी तुमचा मामा. लांबचा हां. जवळचा म्हटलं की विचारपूस होते."

"पण काकांनी खूप हिंडून... आणि आईला काय सांगू?"

"आईला कशाला सांगायचं? वाचलेल्या पैशांत न्हाणीघराला दांड्या बसवा, त्यांना धरायला. कुणाचं भलं होतंय, बघा ना."

मुलाने न्हाणीघराच्या दाराकडे पाहिलं. मग त्याने होकारार्थी मान हलवली. त्याला दांड्या हव्या होत्या, हे मी नाकारत नाही. पण मला ते सहन झालं नाही. साहेबांच्या बोटातला हूक सुटला आणि मी सणसणत मागे आलो तो मुलाच्या बोटावर आपटलो. सुटला कसला, मीच सोडवला. फटका खरं तर साहेबांना बसायला हवा होता. तेवढा नेम चुकला.

दोन दिवसांनी दोघे काकांच्या कचेरीत हजर. कचेरी म्हणजे एक टेबल, तीन खुर्च्या आणि एक शटर.

"अहो, गंमतच झाली," साहेब हसत म्हणाले. "बोलता बोलता नातं निघालं! हा माझा भाचा. जग किती लहान आहे बघा."

काकांनी मुलाकडे पाहिलं. "खरं?"

मुलगा बोटाची पट्टी चाचपत जमिनीकडे बघत राहिला. "हो... मामा आहेत."

"मग प्रश्नच मिटला," काका म्हणाले. "माझा शब्द आहे."

मी खिशात आदळआपट करत होतो, मित्रांनो. शब्द! कसला शब्द? पण ते दोघे शटरबाहेर पडेपर्यंत काका हात जोडून उभे होते. मग ते खुर्चीत बसले आणि मला बाहेर काढून नुसतेच खेचत नि सोडत राहिले. अर्ध्या तासाने उठले. "एवढे महिने मी मोऱ्या मोजत हिंडतोय," ते स्वतःशी म्हणाले, "तेव्हा याला मामाचं घर आठवलं नाही?" आणि स्कूटरला किक मारली.

साहेबांनी दार अर्धंच उघडलं.

"साहेब, मी लहान मूल नाही. नातं नसताना नातं लावलंत."

"पुरावा काय? काही लेखी आहे?"

"मी गिऱ्हाईक आणलं. मी मोजलं. तुमच्या न्हाणीघराच्या दाराची किंमत मी त्याला दाखवली, नाहीतर महिनोन्महिने पडून होतं घर."

"तुम्ही केलंत काय असं? दार उघडलंत आणि टेप धरलात. टेप काय, कोणीही धरतो!"

"मग धरायचा होतात की! इतके दिवस कुणी हात बांधले होते?"

साहेबांनी दार लावून घेतलं.

मित्रांनो, आता माझं ऐका. धरतो ना, कोणीही धरतो. तुम्हीही धराल. पण त्या आजींचा सबंध दिवस एका दारापाशी अडतो, हे कळायला त्यांच्या घरी जावं लागतं. ऐन दुपारी दहा मालकांच्या शिव्या खाऊन अकराव्याच्या दारात हसतमुखाने उभं राहावं लागतं. ते कोणीही करत नाही. साहेबांनी स्वतःच्या न्हाणीघराचं दार जन्मात मोजलं नव्हतं. त्यांना त्यातून रोज आत-बाहेर करूनही ते दार दिसलं नव्हतं. आणि हिशोबाच्या वेळी मात्र मी फक्त एक पिवळी पट्टी! एकदा हमालांनी चिखलात पाडलं तेव्हासुद्धा माझा इतका अपमान झाला नव्हता.

काकांच्या कचेरीचं भाडं थकलं होतं. महिनाअखेर शटर खाली ओढून किल्ली द्यावी लागणार, असं जागामालक सांगून गेला होता. आणि बातमी कशी फिरते बघा, काका पूर्वी नोकरीला होते त्या फर्निचरच्या दुकानाच्या मालकाचा निरोप आला, "जागा आहे. ये परत. मागचं विसरलो मी." काका तो निरोप ऐकून हसले, पण ते हसणं मला आवडलं नाही. पिकल्या केसांनी त्या माणसासमोर पुन्हा मान खाली घालून उभं राहायचं! यापेक्षा मी गंजून मोडलो असतो तर परवडलं असतं.

घर बदलायचा दिवस आला तेव्हा काकांनी एक फळी कापून, तासून तयार केली.

"आता कशाला जाताय?" त्यांच्या बायकोने विचारलं.

"फळी कबूल केली होती. त्या खुर्चीतल्या मावशींना हवी आहे. ती बसवतो, आणि त्या दोघांना चार माणसांत विचारून येतो. मिटलं म्हणालो होतो, ते चुकलं माझं."

मला असा आनंद झाला म्हणून सांगू!

आम्ही पोहोचलो तेव्हा दाराबाहेर दोन टेम्पो उभे होते. एकात साहेबांचं सामान चढत होतं, दुसऱ्यातून मुलाचं उतरत होतं. हमाल, शेजारी, कुणाचं तरी कुत्रं, सगळे रस्त्यात. साहेब आणि त्यांच्या बाई आतली शेवटची खोकी बांधत होते. मुलाने आईची खुर्ची अंगणातल्या उताराने वर आणली आणि मुख्य दारात उभी केली. त्याच वेळी साहेबांची नजर आमच्यावर पडली. काका बघताहेत म्हटल्यावर त्यांनी एकदम हात पसरले. "या, या ताई! आलीस शेवटी भावाच्या घरी!"

आजींनी मागे वळून पाहिलं, कुणाला बोलावताहेत ते बघायला. मागे हमाल होता.

"कोणाची ताई?" त्या म्हणाल्या.

"अगं, अशी काय करतेस... लांबचं नातं... भाचा सांगत होता ना..."

आजींनी मुलाकडे पाहिलं. मुलाचा चेहरा उतरला होता.

"हे कोण तुझे?"

"आई, नंतर सांगतो."

"आत्ता सांग. दारातच सांग."

मुलाने सांगितलं. सगळं सांगितलं. मामा कसा ठरला, का ठरला, दांड्यांचे पैसे, सगळं.  हमालांनी खोकी खाली ठेवली. कुत्रंसुद्धा खाली बसलं.

"मला एकच भाऊ होता," आजी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण रस्त्यापर्यंत ऐकू गेला. "माझे पाय गेले तेव्हा रोज कामावरून सुटला की यायचा आणि मला पाठीवर घेऊन जिना उतरायचा, उन्हात बसवायला. तो गेला त्याला बरीच वर्षं झाली. दलाली वाचवायला तुम्ही त्याच्या जागी उभे राहिलात? आणि तू उभं केलंस?"

"आई, तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी नको. माझ्याकडे बायका यायच्या. कपडा शिवून झाला की म्हणायच्या, कापड आमचं, अंग आमचं, शिलाई कसली एवढी? त्यांना मी सांगायची, टाका माझा, तो फुकट नाही, हे तू लहानपणी ऐकलंयस. मग घर यांचं, पैसे तुझे, म्हणून या माणसाची शिलाई बुडवायची?"

आणि त्यांनी खुर्चीचा ब्रेक लावला. खटकन. आधी एका चाकाचा, मग दुसऱ्या.

"यांचं यांना मिळाल्याशिवाय ही खुर्ची हलणार नाही."

आता गंमत लक्षात घ्या. ते मुख्य दारही मी मोजलेलं आहे. त्यात ती खुर्ची नि दोन हात मावतात, वर एक वीतसुद्धा उरत नाही. साहेब आत, त्यांची खोकी आत, टेम्पो बाहेर. खिडक्यांना गज. मागचं दार नाही, काकांनी त्याचं कौतुकसुद्धा केलेलं होतं. साहेबांनी अंग चोरून एका बाजूने पाय घालून पाहिला, मग पोट आत ओढून पाहिलं. जमेना.

मुलगा मात्र तिथल्या तिथे काकांसमोर गेला. पैशांचं पाकीट त्याने दांड्यांसाठी बरोबरच ठेवलं होतं. "काका, माझा वाटा. मोजून घ्या. मला तोंड दाखवायला जागा नाही."

काकांनी ते घेतलं. "मोजतो," म्हणाले, आणि खरंच मोजलं. मला ते फार आवडलं.

"साहेबांचं राहिलं," आजी म्हणाल्या.

"मला विचार करावा लागेल," साहेब आतून म्हणाले.

"करा की." आजींनी पिशवीतून एक झगा काढला आणि खालची शिवण उसवायला घेतली. "मला हे आज पुरं करायचंच आहे."

टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. हमाल बिडी पेटवून कठड्यावर बसले. शेजारची एक बाई आजींसाठी पाणी घेऊन आली आणि जायचं सोडून तिथेच टेकली. आत साहेब येरझाऱ्या घालत होते. शेवटी त्यांच्या बाईंचाच बांध फुटला. "अहो, देऊन टाका ना! नवीन घरी गॅसवाला यायचाय माझा! आणि मला विचारलं असतंत तर मी तेव्हाच सांगितलं असतं. मामा व्हायला निघाले!"

साहेबांनी चेकबुक काढलं. पेनाला टोपण लावलं, काढलं, परत लावलं. मग चेक लिहून आजींच्या डोक्यावरून बाहेर सरकवला. "घ्या, ताई."

"ताई म्हणू नका. आणि मला नका देऊ, त्यांना द्या." चेक काकांच्या हातात जाईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मग विचारलं, "वटेल ना?"

"मी बँकेत होतो!" साहेब दुखावून म्हणाले.

"म्हणून तर विचारते."

रस्त्यावर असा हशा पिकला की साहेबांच्या बाईसुद्धा तोंडाला पदर लावून हसल्या. ब्रेक सुटले. पण आजींनी आधी खुर्ची मागे घेतली आणि साहेबांना बाहेर जायला वाट दिली. ते माझ्या जवळून गेले तेव्हा मी खिशातून पुरता बाहेर डोकावत होतो. मला दिसायचंच होतं त्यांना.

मग काकांनी न्हाणीघराच्या उंबऱ्यावर फळी बसवली. आजी आत गेल्या आणि त्यांनी दार आतून लावून घेतलं. कितीतरी वर्षांनी त्या एकट्या, स्वतःच्या हाताने, दाराला कडी घालून आत होत्या. बराच वेळ त्या बाहेर आल्याच नाहीत. मुलगा बाहेर भिंतीला टेकून उभा होता आणि त्याचे डोळे भरून आले होते. माझंही मन भरून आलं, खोटं कशाला बोलू?

काकांचं शटर खाली आलं नाही. फर्निचरवाल्याला त्यांनी उलट निरोप धाडला की जागा भरून टाका. नात्याची बढाईही त्यांनी सोडली. आता ते सांगतात, "भाऊ असो, भाचा असो, मी हिंडलो तर हिंडल्याचे पैसे." मीही अजून खिशातच आहे. त्यांच्या पुतण्याने त्यांना लाल ठिपका मारून मोजणारं नवं यंत्र आणून दिलं आहे. त्याची माझी बोलाचाल नाही.

महिन्याभराने आम्ही त्या घरावरून चाललो होतो. आजींनी खिडकीतून हाक मारली, चहा पाजला आणि म्हणाल्या, "आता तुम्ही आमच्या घरचेच झालात."

काकांनी कप खाली ठेवला आणि कानाला हात लावले. "नको मावशी! मला परकाच राहू द्या. घरचा झालो की माझी दलाली बुडते."

आजी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

तर मित्रांनो, मला पुसा, तेल लावा, जपून ठेवा, असलं काही मी मागणार नाही. मी गंजायचा तेव्हा गंजेन. पण उद्या तुम्ही मोठे व्हाल, घर घ्याल, विकाल, कपडे शिवून घ्याल, कुणाला तरी आपल्यासाठी उन्हातान्हात पळवाल. पैसे द्यायची वेळ आली की "यात केलं काय एवढं?" असं कधी विचारू नका. आणि "तुम्ही तर आपलेच" म्हणून हात तर मुळीच आखडू नका. आपल्या माणसाचे तर आधी द्यायचे.